पालकांना बोलावलंय

"खरं तर आज तुम्हाला वहिनी म्हणू नये," मुल्ला सर खुर्ची पुढं सरकवत म्हणाले. "आज तुम्ही पालक म्हणून आलाय. बसा."

मी बसले. सरकारी दवाखान्यातली सकाळपाळी संपवून थेट आले होते. अंगावर तीच पांढरी साडी, पोटऱ्यांत गोळे आणि पोटात चहाशिवाय काही नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात सकाळपासून पाठ टेकली नव्हती. मुख्याध्यापकांच्या ऑफिसातली ती कडक लाकडी खुर्चीसुद्धा मला गादीसारखी वाटली. कुणी काही बोललं नसतं तर मी तिथंच डोळे मिटले असते.

पण मुल्ला सरांना बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. त्यांनी शिपायाला चहा सांगितला, पंखा वाढवला, परत कमी केला. निवृत्तीला आलेला माणूस तो. साऱ्या तालुक्यातली भांडणं मिटवून मिटवून त्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. आमच्या घरी ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडून यायचा आणि दिवाळीचा डबा आमच्याकडून जायचा. असा माणूस माझ्याकडं न बघता टेबलावरच्या काचेकडं बघत होता, म्हणजे प्रकरण काहीतरी वेगळंच होतं.

"सर, निवेदितानं काय केलं ते एकदा सांगून टाका," मी म्हटलं. "फोनवरसुद्धा तुम्ही 'येऊन जा' एवढंच म्हणालात. माझ्या जिवाला घोर."

"घरी काही कळलं नाही तुम्हाला?"

"घरी मला कोण काय सांगतंय? दोघांच्याही तोंडाला कुलूप."

दोघं म्हणजे माझी मुलगी निवेदिता आणि माझे यजमान. निवेदिता याच शाळेत दहावी अ मध्ये होती. आणि यजमान, म्हणजे दत्तात्रय ठोंबरे, याच शाळेत गणित शिकवायचे. दहावी अ लासुद्धा.

मुल्ला सरांनी घसा साफ केला. "तर वहिनी... बघा, परत वहिनीच आलं तोंडात. तर विषय असा, की दहावी अ मधल्या विद्यार्थिनीनं गणिताच्या शिक्षकांशी उद्धट वर्तन केलं. भर वर्गात. शिक्षकांनी तिला बाहेर काढलं. वर्गासमोर माफी मागितल्याशिवाय तासाला बसू देणार नाही म्हणाले. ती माफी मागत नाही. तेव्हापासून ती गणिताच्या तासाला बाहेर आहे."

"तेव्हापासून म्हणजे कधीपासून?"

"गणपती झाले ना, त्यानंतर."

"अहो सर, दसरा होऊन गेला!"

"म्हणून तर बोलावलं. सहामाही तोंडावर आली. दहावीचं वर्ष. पोरगी गणितात नापास झाली तर माझ्या शाळेचं एक वेळ जाऊ द्या, तिचं काय?"

निवूला पुढं सायन्सला जायचं होतं. माझ्याच दवाखान्यातल्या लेडी डॉक्टर बघून बघून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. आणि ही पोरगी महिना-दीड महिना गणिताच्या तासाला बसलीच नव्हती. तेही घरात गणिताचा मास्तर असताना.

"यांनी मला काही सांगितलं नाही," मी म्हटलं.

"ठोंबऱ्यांना मी समोर बसवून विचारलं. म्हटलं, तुमची पोरगी आहे, घरी बसून मिटवा की. तर काय म्हणाले माहितीय? 'मी शिक्षक म्हणून तक्रार केलीय. नियमाप्रमाणं पालकांना बोलवा.' मी म्हटलं, अहो पालक तुम्हीच! तर म्हणाले, 'तिच्या आईला बोलवा.' आता तुम्हीच सांगा, मी कुठं डोकं आपटू?"

मला हसू आलं. रडू यायच्या वेळी मला आधी हसू येतं, आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे ते. मुल्ला सरही हसले. चहा आला, आणि दोघांनी तो प्यायला.

"पण ती नेमकं बोलली काय?" मी विचारलं.

"तेच सांगतो. ठोंबरे वर्गात शंका विचारा म्हणाले. चार-पाच पोरांनी हात वर केले, तिनंही केला. त्यांनी सगळ्यांच्या शंका घेतल्या, हिला सोडून. रोजचंच होतं म्हणे ते, पोरं सांगतात. त्या दिवशी ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, 'बाबा, मला विचारायचंय.' वर्ग खो खो हसला. ठोंबरे म्हणाले, 'इथं कुणी बाबा नाही, सर म्हण.' तर ही म्हणाली..." मुल्ला सर थांबले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'सर म्हटलं की तुम्हाला ऐकू येत नाही.'"

मी कप खाली ठेवला. ती तसं म्हणाली असणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. माझीच जीभ तिच्या तोंडात आलेली.

आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण मास्तरांच्या घरातून अशीच रीत असायची. शाळेच्या फाटकातून आत शिरलं की बाप 'सर' व्हायचा आणि लेक नुसतं आडनाव. निवू पाचवीपासून त्यांना शाळेत सरच म्हणत आली. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण पाचवीच्याच बक्षीस समारंभात संस्थेच्या एका सदस्यानं माईकवरून चेष्टा केली. म्हणाले, "ठोंबरे गुरुजींच्या घरीच पेपर निघतात, मग पोरगी पहिली येणारच की!" टाळ्या पडल्या. हेही हसले तिथं. पण घरी आल्यावर जेवले नाहीत. माणूस तसा सरळ, पण अपमान गिळायची ताकद नाही. त्यानंतर त्यांनी निवूची वही कधी हातात धरली नाही. तिचा पेपरसुद्धा ते तपासायला दुसऱ्या तुकडीला गणित शिकवणाऱ्या गोसावी मॅडमकडं द्यायचे. घरी तिनं काही विचारलं की म्हणायचे, "मी घरी मास्तर नाही, उद्या वर्गात विचार." आणि वर्गात तिच्याकडं बघायचे नाहीत. लोक म्हणतील, स्वतःच्याच पोरीला शिकवतोय.

बरं, घरी शिकवत नव्हते म्हणावं तर तसंही नाही. संध्याकाळ झाली की आमच्या ओसरीवर गावातली दहावीची पोरं येऊन बसायची. फुकट शिकवायचे, कुणाकडून कधी काही घेतलं नाही. मी त्या सगळ्यांना सरबत करून द्यायची. आणि आमची निवू स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाट टाकून बसायची. ओसरीवर यायला तिला बंदी होती. पेपर फुटतो म्हणतील ना लोक! आतून कान देऊन ऐकायची बिचारी, आणि कुकरची शिट्टी झाली की माझ्यावर डाफरायची.

तर असलं सगळं. गणपतीनंतर मात्र घरात बोलणंच बंद झालं होतं. मला वाटलं वयाचं असेल. दोघंही माझ्यातून बोलायची. "आई, त्यांना सांग वाढलंय." "अगं, तिला सांग दिवा बंद कर." चार पावलांवर बसलेली माणसं, आणि मधे मी टेलिफोनची वायर. आदल्याच रात्री जेवताना निवू माझ्याकडं बघून म्हणाली होती, "आई, स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यातला कोन काटकोनच कशावरून असतो?" मी म्हटलं, "बये, मला बीपी विचार, सलाईन विचार, हे काय मला विचारतेस?" हे खाली मान घालून आमटी-भात कालवत होते.

"सर," मी मुल्ला सरांना म्हटलं, "मी तिला माफी मागायला लावते. दोन शब्द म्हणायचे, त्यात काय जातंय? मी आज रात्री तिला धरून बसते."

"लावा. पण त्याआधी एक बघा." ते उठले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "अ चा गणिताचा तास आत्ता लागलाय. चला. आवाज करू नका तेवढा."

मला कुठं उठायचं होतं! पण उठले. सायकलींच्या शेडमागून आम्ही शाळेच्या पाठीमागच्या बाजूला गेलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, डोक्यावर तापलेला तवा ठेवल्यासारखं. पाण्याच्या टाकीपाशी सर थांबले आणि त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

दहावी अ चा वर्ग इमारतीच्या टोकाला. त्याची मागची खिडकी उघडी होती. आणि खिडकीखाली, जोत्याच्या दगडावर, भिंतीला पाठ लावून माझी पोर बसली होती. मांडीवर वही. खिडकी तिच्या डोक्याच्या वर, त्यामुळं आतला फळा तिला दिसायचा प्रश्नच नव्हता. ती खाली मान घालून भराभरा लिहीत होती. घामानं तिची वेणी मानेला चिकटली होती.

आतून यांचा आवाज येत होता. मोठ्ठा. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"वर्तुळ काढा. केंद्राला ओ नाव द्या. खाली आडवी रेष, वर्तुळाला एकाच बिंदूत टेकलेली. त्या बिंदूला पी म्हणा. ओ पासून पी पर्यंत रेघ जोडा. ओ वर आहे, पी खाली आहे. झालं?"

"सर, फळ्यावर दिसतंय की," आतून कुणीतरी पोरगं म्हणालं.

"दिसत असलं तरी सांगतो. आता कुणालातरी शंका येईल, की या दोन रेघांतला कोन काटकोनच कशावरून?"

"नाही सर, कळलं."

"कळलं नाही! मी सांगतो तुला कळलं नाही. गप बस आणि ऐक." वर्गात पोरं कंटाळून कुरकुरली. हे बोलतच होते. "समजा, ओ पी लंब नाही. मग ओ पासून त्या आडव्या रेषेवर लंब टाकला तर तो पी सोडून दुसरीकडं कुठंतरी पडेल. तिथं क्यू लिहा. क्यू, पी च्या शेजारी. आता लंब म्हणजे सगळ्यांत जवळचं अंतर. म्हणजे ओ क्यू हे ओ पी पेक्षा लहान. ओ पी तर त्रिज्या. मग त्रिज्येपेक्षा जवळ असलेला बिंदू कुठं असेल? वर्तुळाच्या आत! आणि रेष वर्तुळाच्या आत शिरली तर तिला स्पर्शिका कोण म्हणेल? म्हणून काटकोनच. परत एकदा सांगतो."

"सर, परत?" पोरं ओरडली.

"परत."

आणि त्यांनी परत सांगितलं. पहिल्यापासून, शब्द न् शब्द, खिडकीच्या अगदी जवळ येऊन. त्यांची पाठ आम्हाला दिसत होती. तोंड वर्गाकडं, हात मागं बांधलेले. खाली निवूनं वहीत काहीतरी खोडलं, पुन्हा काढलं आणि स्वतःशीच मान हलवली. ते मान हलवणं आत कुणाला दिसायची सोय नव्हती. तरी हे पुढच्या प्रमेयाला लागले.

मुल्ला सर माझ्या कानाशी म्हणाले, "शेजारच्या वर्गातून माझ्याकडं तक्रार आलीय, ठोंबरे फार ओरडून शिकवतात म्हणून. म्हटलं, काय झालं या माणसाला, घशाचा त्रास आहे की काय. मग एकदा इकडून फेरी मारताना हे दिसलं. आता मला सांगा, शिस्तभंग कुणाचा लिहू?"

त्या खिडकीजवळ जाऊन दोघांनाही कवेत घ्यावं असं मला वाटलं.

आम्ही परत ऑफिसात आलो. सरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला होता, अवघड काम पार पडल्यावर होतो तसा.

"म्हणून म्हणतो वहिनी, आपण यात पडूच नये. पोरीचं शिक्षण काही बुडत नाही. उलट वर्गातल्या पोरांपेक्षा तिलाच जास्त मिळतंय. तो बाप आहे, ही लेक आहे, त्यांनी त्यांचं जमवून घेतलंय. मी आपला डोळ्यांवर कातडं ओढतो. मार्चपर्यंत चाललं तर चालू द्या की असंच."

मी पाणी प्यायले. आणि पाणी घशाखाली उतरता उतरता मला असला राग आला म्हणून सांगू! वॉर्डात एखादी बाई कळा देऊन देऊन थकते, आणि बाहेर तिचा नवरा पेढ्यांचा विचार करत असतो, तेव्हा येतो तसा राग.

"मार्चपर्यंत?" मी म्हटलं. "असंच? ती दगडावर उन्हात बसणार, आणि हे आतून ओरडणार? सर, तुम्हाला गोड वाटलं ते. मलाही वाटलं. पण तिनं हात वर केला तर त्यांना दिसणार आहे का? तिला उद्या वेगळीच शंका आली तर? काल रात्री ती मला विचारत होती ते यांनी भाताच्या घासाबरोबर ऐकलं, आणि आज खिडकीतून उत्तर दिलं. म्हणजे मी रोज जेवताना मधे बसून गणित पोहोचवायचं? दमले हो मी. घरी या दोघांचे निरोप, दवाखान्यात पेशंटांचे निरोप. कुणीतरी कधीतरी समोरासमोर बोला म्हणावं."

मुल्ला सर चपापले. "अहो, पण ठोंबऱ्यांची अडचणही बघा. त्यांच्या मनाला ते लागलंय. उद्या कुणी म्हणालं, की बापानं पोरीला..."

"सर, मी नर्स आहे. निवूला टायफॉइड झाला तेव्हा माझ्याच वॉर्डात होती. तिला सुई मीच टोचली. कुणी म्हणालं का, सिस्टरनी आपल्या पोरीला चांगली सुई दिली म्हणून? आणि म्हणालं असतं तर मी काय तिला सुई न देता सोडली असती?"

टेबलावरचा एक कागद मुल्ला सरांनी इकडून तिकडं ठेवला.

"तिला ब तुकडीत घाला," मी म्हटलं.

"काय?"

"ब तुकडीत. तिथं गणित गोसावी मॅडम शिकवतात ना? त्यांच्याकडं घाला. आजच."

"वहिनी, असं तडकाफडकी काय करता? ठोंबरे खचतील. त्यांच्या वर्गातून त्यांचीच पोरगी उठून गेली म्हणजे... स्टाफरूममध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्यांना. रात्री घरी बोला, दोघं मिळून ठरवा."

"कुणाशी बोलू? त्यांनीच सांगितलं ना, पालकांना बोलवा म्हणून? मी पालक. आलेय. सांगतेय. कुठं सही करायची ते दाखवा."

मुल्ला सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि शिपायाला हाक मारली. मी अर्जावर सही केली. बाहेर पडताना ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "रागावतील हो तुमच्यावर." मी म्हटलं, "रागावू देत. निदान माझ्याशी तरी बोलतील."

संध्याकाळी निवू आधी आली. तिला शाळेतच कळलं होतं. दप्तर ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू मला ब मध्ये घातलंस?"

"घातलं."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून बाहेर बसली होतीस का?"

मला वाटलं आता खूश होईल, सुटले म्हणेल. तर ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. "गोसावी मॅडम एकदाच सांगतात," एवढंच म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

हे आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "तू सही केलीस?"

"केली."

"मला विचारायचं तरी."

"विचारणार होते. पण मास्तर म्हणून विचारायचं की बाप म्हणून, तेच कळेना. म्हटलं राहू दे."

ते खुर्चीवर बसले. मी तशीच उभी राहिले. "स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं," ते म्हणाले. "उद्या गावात होईल. ठोंबऱ्याची पोरगी बापाच्या वर्गातून पळाली."

"आणि ठोंबऱ्याची पोरगी इतके दिवस उन्हात दगडावर बसली होती, तेव्हा गाव काय म्हणत होतं?"

त्यांनी एकदम वर पाहिलं.

"आज ऐकलं मी," मी म्हटलं. "ओ पी, क्यू, सगळं. दोनदा सांगितलंत."

त्यांचे कान लाल झाले. एवढा मोठा माणूस, पण चोरी सापडल्यासारखा पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. "फळा दिसत नव्हता तिला," हळू आवाजात म्हणाले. "म्हणून जरा मोठ्यानं..."

"मग आता हळू सांगा. ती आता तुमच्या वर्गात नाही. तुम्ही तिचे मास्तर नाही. तिची हजेरी तुमच्याकडं नाही, पेपर तर पहिल्यापासूनच नव्हता. आता कुणाच्या बापाची भीती आहे तुम्हाला?"

"तू समजतेस तेवढं सोपं नाही ते. आता तर लोक उलट म्हणतील, घरी शिकवता यावं म्हणूनच तुकडी बदलून घेतली. दुसऱ्या तुकडीतली पोरगी ओसरीवर बसवली म्हणून आणखी..."

मी हात जोडले. खरंच जोडले. "अहो, लोकांना मी उद्या घरी जेवायला बोलावते आणि विचारते, बाबांनो, माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या लेकीशी बोललेलं चालेल का तुम्हाला? माझ्यात आता ताकद नाही हो. मी उद्यापासून तुमचा एकही निरोप तिला देणार नाही आणि तिचा तुम्हाला देणार नाही. उपाशी राहा दोघंही."

तेवढ्यात ओसरीवर पोरं यायला लागली. चपलांचे आवाज, दप्तरांचे आवाज. हे उठले, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेले. त्यांचं शिकवणं सुरू झालेलं मला आत ऐकू आलं. माणूस बदलत नसतो असं मनाशी म्हणत मी कुकर चढवला. निवू ओट्याखालच्या पाटावर बसली. वही उघडली होती, पण पान उलटत नव्हती. मी मेथी निवडायला घेतली. पाय इतके दुखत होते की खाली बसले तर परत उठता येणार नाही, म्हणून उभ्यानंच निवडत होते.

ओसरीवरचा आवाज थांबला. "हे उदाहरण सोडवा, आलोच मी," असं ते पोरांना म्हणाले. मला वाटलं, पाणी प्यायला येतायत.

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पोरं ओसरीवर असताना आत यायचा त्यांचा शिरस्ता नव्हता. कुठं उभं राहावं, हात कुठं ठेवावेत, त्यांना कळेना. खडूनं पांढरी झालेली बोटं त्यांनी पँटला पुसली. माझ्याकडं बघितलं. मी मेथीकडं बघितलं. म्हटलं नव्हतं का, निरोप बंद म्हणून.

शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

निवूनं मान वर केली नाही. "काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. सगळं कळलंय."

ते तसेच उभे राहिले. बाहेर पोरं कुजबुजत होती. मला वाटलं, आता वळतील आणि जातील, आणि परत कधी या दारात येणार नाहीत. माझ्या हातातली काडी तशीच राहिली. ते खरंच वळले. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"पण परत सांगा," निवू म्हणाली.

ते आत आले. गुडघ्यांवर हात ठेवत, जड अंगानं तिच्या पाटाशेजारी फरशीवर बसले आणि तिची वही त्यांनी आपल्या मांडीवर ओढली. बोलायला लागले ते इतक्या हळू, की ओट्यापाशी उभी असून मलाही ऐकू येईना. कुकरची शिट्टी आता होईल, मग होईल अशी होती. मी हात लांब करून गॅस बंद केला.